तळ्यातला पाना

"त्या आरशाला हात लावाल तर बघा," बायको म्हणाली.

मिस्त्रींचा हात हवेतच थांबला. हातात लाल टेपचं भेंडोळं होतं आणि दातांत कात्री. कात्री काढल्याशिवाय बोलता येईना, म्हणून त्यांनी ती आधी खिशात ठेवली.

"अगं, एवढीशी पट्टी. कोपऱ्यात. दिसणारसुद्धा नाही."

"कालही एवढीशीच म्हणाला होतात. सकाळी कपाट उघडायला गेले तर पट्टी माझ्या बोटाला चिकटून आली. मला आता घरात उभं राहायची भीती वाटायला लागलीय. जरा थांबले की मलाही एक लावाल."

"तुला पिवळी लागेल," मिस्त्री म्हणाले आणि आरशाच्या कोपऱ्यात लाल पट्टी अंगठ्याने घट्ट दाबून बसवली.

सगळा जन्म पंप आणि मोटरी दुरुस्त करण्यात गेलेला हा माणूस म्हातारपणी घराला पट्ट्या लावत सुटला होता, आणि त्याला कारण होती त्यांची सून. सून नर्स होती, लहान मुलांच्या वॉर्डात. रडणारं पोर तिच्या खांद्यावर टाकलं की गप्प होतं असा तिचा लौकिक होता. जर्मनीतल्या एका हॉस्पिटलाने तिला नोकरी देऊ केली होती. मिस्त्रींचा मुलगा जहाजाच्या इंजिनखोलीत कामाला होता. वर्षातला बराचसा काळ पाण्यावर. सून तिकडे गेली तर त्यालाही तिथल्या बंदरात जमिनीवरचं काम मिळण्यासारखं होतं. म्हणजे लग्न झाल्यापासून फोनवर चाललेला त्या दोघांचा संसार एकदाचा एका छपराखाली आला असता. मध्ये आडवी आली होती ती भाषा. लेखी परीक्षेत सुनेने झकास मार्क मिळवले आणि तोंडी परीक्षेत तिच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते बाहेर येईपर्यंत उघडलं नाही. आता पुन्हा बसायचं होतं, आणि या खेपेलाही नाही जमलं तर हॉस्पिटल थांबणार नव्हतं.

नापास होऊन आली त्या दिवशी ती स्वयंपाकघरात बसून म्हणाली होती, "बाबा, त्यांच्यात प्रत्येक वस्तूला लिंग असतं."

"आपल्यातही असतंच की."

"आपलं आपल्याला माहीत असतं. त्यांचं काही धोरणच नाही. चमचा पुरुष, काटा बाई आणि सुरी नपुंसक. का, तर म्हणे असंच. शब्दाच्या आधी प्रत्येकाचं वेगळं शेपूट लावावं लागतं. डेर, डी, दास. ते आठवेपर्यंत समोरचा माणूस घड्याळ बघायला लागतो."

मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला. "तीन प्रकार?"

"तीनच."

"मग सोपं आहे. मोटरीलाही तीनच वायरी येतात. लाल, पिवळी, निळी. मी कधी चुकलोय का?"

आणि दुसऱ्या दिवसापासून टेपचा कारभार सुरू झाला. डेरला लाल, डीला पिवळी, दासला निळी. सून ड्यूटीवर जाताना नव्या शब्दांची चिठ्ठी देऊन जायची आणि संध्याकाळी परत येईपर्यंत मिस्त्रींनी घराची जोडणी पुरी केलेली असायची. टेबल लाल, दिवा पिवळा, खिडकी निळी. बायकोच्या शिवणाच्या यंत्राला पिवळी पट्टी लागली तेव्हा ती जेवताना एक शब्द बोलली नाही. शेजारीण साखर मागायला आली, तिने घरभर नजर फिरवली आणि "काही दुरुस्ती चाललीय का?" असं विचारून साखर न घेताच निघून गेली.

मिस्त्रींना मात्र बऱ्याच दिवसांनी मनासारखं काम मिळालं होतं. हल्ली लोक पंप बिघडला की नवा आणत. मागच्या अंगणातल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये महिनोन्‌महिने कुणी फिरकत नसे. टेप फाडताना येणारा तो चर्र आवाज ऐकला की त्यांना तरतरी यायची.

आणि मग एका संध्याकाळी सून जर्मनच्या क्लासवरून आली ती हसत आणि रडत, दोन्ही एकदम.

"बाबा, मोटर उलटी फिरली."

क्लासच्या मॅडम फळ्यावर रंगीत खडूने लिहीत. एवढे दिवस त्यांच्याकडे पांढराच खडू होता. आज नवी पेटी आली. त्यांनी डेरसाठी घेतला निळा, डीसाठी पिवळा आणि दाससाठी लाल. समोर निळा रंग दिसला की सुनेच्या तोंडून घरच्या सवयीने दास निघे, आणि लाल दिसला की डेर. तासभर हेच चाललं. वर्गात नुकती आलेली मुलंसुद्धा मागे वळून बघायला लागली.

मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतलं. "पिवळा बरोबर होता ना?"

"हो."

"मग दोनच वायरी उलट्या लागल्यात. मोटर उलटी फिरली तर कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करायची, सुलटी फिरते. एवढंच असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घरातल्या सगळ्या लाल पट्ट्या काढून निळ्या लावल्या आणि निळ्या काढून लाल. बायको एका जागी खुर्चीवर बसून हे बघत होती. ती बसलेली असतानाच त्यांनी खुर्चीच्या पायाची पट्टी बदलली.

"अहो," ती म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. "पास झाली तर ती जाईल. कळतंय ना तुम्हाला?"

मिस्त्री खाली वाकलेलेच राहिले. पट्टीचं टोक नखाने सोडवत म्हणाले, "कळतं."

"मग एवढा जीव का टाकताय?"

"पंप दुरुस्त करताना पाणी कुणाकडे जाणार ते आपण बघतो का? चालत नसेल तर चालू करायचा."

"पंप म्हणे," बायको म्हणाली आणि उठून आत गेली. तिने भांडी जरा जास्तच आवाज करत लावली. मिस्त्रींनाही वाईट वाटत होतं. मुलगी नव्हती त्यांना. सून आल्यावर घरात जी बडबड सुरू झाली तिची त्यांना चटक लागली होती. पण हे बोलून दाखवायचं तर बायको आणखी भांडी वाजवेल, म्हणून ते पुढच्या पट्टीकडे वळले.

परीक्षेला थोडेच दिवस उरले होते तेव्हा त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. सून बाहेरच्या खोलीत फोनवर क्लासमधल्या मैत्रिणीशी जर्मनमध्ये बोलायचा सराव करत होती. मिस्त्री शेडमध्ये जाता जाता दाराशी थांबले. त्यांना अक्षर कळत नव्हतं, पण आवाज कळत होता. सून दोन शब्द बोलायची आणि थांबायची. पुन्हा दोन शब्द, पुन्हा थांबायची. आणि थांबली की तिची नजर खोलीभर फिरायची: टेबलाच्या पायावर, दिव्याच्या दांड्यावर, खिडकीच्या कडीवर. पट्टी सापडली की पुढचा शब्द.

असा आवाज त्यांनी उभ्या आयुष्यात शेकडो वेळा ऐकला होता. पंपाने हवा धरली की असाच अडखळतो. आणि ही हवा आत कोणी भरली, तर आपणच. मिस्त्रींना इतकं ओशाळल्यासारखं झालं की ते शेडपर्यंत न जाता पायरीवरच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सून ड्यूटीवरून आली तर घरात एकही पट्टी नव्हती. जिथे जिथे लावली होती तिथे आता चिकटाचा काळपट डाग तेवढा राहिला होता, आणि बायको ओल्या फडक्याने ते डाग पुसत स्वतःशी पुटपुटत होती.

"बाबा, हे काय केलंत?" सून दारातच थांबली. तिचा चेहरा उतरला होता. "आता मला कसं आठवणार?"

"चहा घे आणि मागे ये."

मागच्या अंगणात शेडच्या पलीकडे तळं होतं. तळं म्हणजे फार काही नाही. एखादी लहान खोली मावेल एवढा, विटांनी बांधून काढलेला खड्डा. कारखाना बंद पडला आणि मिस्त्रींनी घरीच दुरुस्तीचं काम सुरू केलं, तेव्हा पंप चालवून बघायला पाणी हवं म्हणून त्यांनी आणि बायकोने मिळून तो खणला होता. ते खणायचे, ती घमेली उचलून कडेला ओतायची. त्या मातीचा बांध झाला, बांधावर गवत आलं, आणि आता संध्याकाळी बायको त्या बांधावर पाय सोडून बसायची. मध्ये केव्हातरी बेडूक राहायला आले. सगळ्या घरात ही एकच वस्तू होती जिला मिस्त्रींना पट्टी लावता आली नव्हती, कारण पाण्याला टेप चिकटत नाही.

"बस," मिस्त्री म्हणाले. "आता या तळ्याबद्दल मला सांग. त्यांच्या भाषेत."

"तुम्हाला कळणार नाही."

"म्हणून तर मला सांग. चुकलीस तरी मला कुठे कळणार आहे? पंप चालू करायच्या आधी त्यात वरून पाणी ओततो ना आपण? ते पाणी मोजून ओतत नाहीत, गाळूनही ओतत नाहीत. बदाबदा ओततात. आतली हवा निघून गेली की मग तो आपणहून ओढतो. तू ओत."

सून तळ्याच्या काठावर बसली. मग तिने तोंड उघडलं. पहिलं वाक्य अडखळलं. दुसरंही. तिसऱ्यानंतर ती चुकली असावी, कारण तिने जीभ चावली. पण मिस्त्री मान डोलावत होते, मग तीही पुढे गेली. बोलता बोलता हात हलायला लागले. एकदा तर ती स्वतःच्याच बोलण्याला हसली. बायको फडकं हातात घेऊनच बाहेर आली आणि बांधावर येऊन बसली.

"काय म्हणते?" तिने विचारलं.

"चांगलं म्हणत असावी," मिस्त्री म्हणाले.

"तळ्याला ते टाइख म्हणतात," सून म्हणाली. "शेवटचं अक्षर ख पण नाही आणि श पण नाही. मधलंच काहीतरी."

मिस्त्रींनी म्हणून बघितलं. मांजर फिस्कारल्यासारखा आवाज आला आणि बायकोने तोंडाला पदर लावला.

"मॅडम सांगत होत्या, फार जुना शब्द आहे. मुळात त्याचा अर्थ खणलेलं असा. नदी, सरोवर आपलं आपण झालेलं असतं. टाइख बहुतेक माणसाने केलेला. आणि त्यांच्याकडे समुद्र अडवायला मातीचा बांध घालतात, त्याला डाइख म्हणतात. ते दोन्ही शब्द एकाच घरचे. खणलं की एकीकडे खड्डा होतो आणि एकीकडे ढीग. एकाचं नाव पाण्याला मिळालं आणि एकाचं बांधाला."

मिस्त्रींनी आधी तळ्याकडे बघितलं, मग बायको बसली होती त्या बांधाकडे. त्यांना एवढा आनंद झाला की तो कुठे ठेवावा ते कळेना. "म्हणजे त्यांनीपण आधी घमेली उचलली," ते म्हणाले, "आणि नाव मागून ठेवलं. अगं, ऐकलंस का? तू बसलीयस तो डाइख."

"ऐकलं. आणि हे तळं कोण? बाई की पुरुष?"

"पुरुष," सून म्हणाली. "डेर टाइख."

"शोभतं. दिवसभर नुसता पडून असतो."

"आणि खूप असले की टाइखं. पण आई, गंमत पुढे आहे. त्यात एखादी वस्तू टाकली तर टाकताना ते शेपूट डेन होतं, आणि ती आत जाऊन पडून राहिली की डेम."

"वस्तू बदलते?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही. तळं बदलतं."

"वस्तू टाकणार आपण आणि बदलणार तळं?" मिस्त्रींनी पाण्याकडे बघितलं. "बरोबरच आहे. पाणी हलतं की. मग निवांत होतं. म्हणजे हिने माझा पाना टाकला तेव्हा डेन, आणि आता इतकी वर्षं तो आत पडलाय तो डेम."

"कसला पाना?" सुनेने विचारलं.

बायको एकदम फडक्याने बांधावरचं गवत पुसायला लागली.

"विचार तुझ्या सासूला. लग्नाचा वाढदिवस होता. बाहेर जेवायला जायचं ठरलेलं. ही नटून थटून तयार आणि मी शेडमध्ये. एक बोल्ट सुटत नव्हता. आलोच, आलोच म्हणत अंधार पडला. तर ही आली, माझ्या हातातला पाना घेतला, सगळ्यात मोठा, बापाने दिलेला, आणि दिला भिरकावून."

"मग काढला नाहीत?"

"काढणार होतो. तेव्हा वाटलं, राहू दे. हिचा राग त्याच्याबरोबर बुडालाय, कशाला वर काढा?"

"राग कुठला बुडतोय," बायको म्हणाली, पण ती हसत होती.

सून पोट धरून हसली आणि हसता हसताच तिने पान्याची सगळी हकीकत जर्मनमध्ये पाण्याला सांगितली. कुठेही नजर न फिरवता. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते. आता हवा नव्हती त्या आवाजात.

परीक्षेला मिस्त्री बरोबर गेले. लांबलचक बोळात बाकावर बसून ते समोरच्या भिंतीवरचा पंखा बघत राहिले. त्याचं बेअरिंग गेलं होतं आणि ते कुणाला सांगावं की नाही याचा त्यांनी बराच विचार केला. आतून काही ऐकू येत नव्हतं. मग एकदम दोन माणसं मोठ्याने हसल्याचा आवाज आला, आणि त्यात एक आवाज सुनेचा होता. मिस्त्रींनी खांदे सैल सोडले.

ती बाहेर आली ती थेट त्यांच्या शेजारी बसली.

"आवडत्या जागेबद्दल सांगा म्हणाले."

"मग?"

"दोनदा चुकले. मला कळलंही, चुकले ते. पण तेव्हा आई पाना फेकत होत्या, मध्येच थांबता कसं येईल? त्यांनी विचारलं, पाना अजून आहे का आत? मी म्हटलं, आहे."

निकाल आला तेव्हा सगळ्यात आधी बायको रडली आणि सगळ्यात आधी तीच बाजारात जाऊन सुनेसाठी जाड लोकरीचा कोट घेऊन आली. मिस्त्री शेजारणीकडे स्वतः साखर घेऊन गेले. मुलाचा जहाजावरून फोन आला; तो काय बोलत होता ते धड ऐकू येत नव्हतं, पण तो ओरडत होता एवढं सगळ्यांना कळलं. निघायच्या दिवशी सुनेने बॅगेच्या मुठीला स्वतःच्या हाताने निळी पट्टी लावली. "डेर कोफर," ती मिस्त्रींना म्हणाली आणि पाया पडायला खाली वाकली, आणि मिस्त्रींनी त्या पट्टीचं टोक अंगठ्याने घट्ट दाबून बसवलं.

आता दर रविवारी फोन येतो. मुलाला बंदरात काम मिळालं आहे. सुनेच्या वॉर्डातली पोरं तिच्या खांद्यावर तशीच गप्प होतात; रडण्याला डेर, डी, दास लागत नाही असं ती म्हणते. बायको थंडीची चौकशी करते, जेवणाची करते, मुलाची दाढी वाढली त्यावरून बोलते. फोन मिस्त्रींकडे सगळ्यात शेवटी येतो.

"बाबा, तळं कसंय?"

मिस्त्री घसा साफ करतात. हे एवढं एकच वाक्य त्यांनी पाठ केलं आहे आणि तिकडे कुणाला तरी ते ऐकायचं असतं याचा त्यांना कोण आनंद होतो. "डेर टाइख इस्ट फोल," ते म्हणतात. तळं भरलेलं आहे. टाइखचं शेवटचं अक्षर आता मांजरासारखं येत नाही. पलीकडून सून मनापासून हसते, मुलगाही हसतो, आणि फोन बंद होतो.

परवाच्या रविवारीही तसंच झालं. बायको मागच्या दारातून बाहेर जाऊन बघून आली.

"खोटं बोललात. निम्मं झालंय. पाना दिसायला लागलाय."

"ऊन किती आहे."

"उन्हाचं काय? तुम्ही महिनाभर शेडकडे फिरकला नाहीत."

"थांब. करतो खरं."

मिस्त्रींनी स्वयंपाकघरातून तांब्या भरून घेतला. शेडचं दार ओढलं, ते कुरकुरलं. विहिरीचं पाणी तळ्यात सोडणाऱ्या पंपाच्या तोंडाचं झाकण काढून त्यांनी आत पाणी ओतलं, बदाबदा, काठोकाठ, आणि बटण दाबलं. पंप खोकला, अडखळला, आणि मग त्याने ओढायला सुरुवात केली.

बायको बांधावर पाय सोडून बसली होती. समोर गंजून तांबडी झालेली पान्याची मूठ पाण्यातून वर आली होती. मिस्त्री येऊन तिच्या शेजारी बसले. तळं हळूहळू चढत होतं. मुठीचा अर्धा भाग दिसेनासा झाला, मग वरचं कडं तेवढं राहिलं, मग तेही गेलं. पाणी पायांना लागलं तेव्हा बायकोने पाय जरा वर घेतले.